मेडिकल स्टोअरमधल्या इंटर्नशिपची मुलाखत: तयारी काय आणि कशी करायची

मेडिकलच्या मुलाखतीत मालक किंवा स्टोअर मॅनेजर वीस प्रश्न विचारतो, पण त्याला कळून घ्यायचं असतं एकच: चिठ्ठीवरचं नाव लागलं नाही तर हा मुलगा किंवा ही मुलगी थांबून विचारेल, की अंदाजाने गोळी काढून देईल? चांगले गुण असलेली मुलंही इथेच अडखळतात. कॉलेजच्या परीक्षेत रिकामी जागा सोडली की गुण जातात, म्हणून काहीतरी लिहून येण्याची सवय लागलेली असते. काउंटरवर ती सवय घातक ठरते. म्हणून पुढची सगळी तयारी दोन गोष्टींची आहे: जे यायलाच हवं ते पक्कं येणं, आणि कुठे थांबायचं हे माहीत असणं.

तासांचा हिशेब आधी स्वतःला सांगता यायला हवा

डी.फार्म.च्या (फार्मसी पदविकेच्या) विद्यार्थ्याला किमान ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण करावं लागतं, तेही किमान तीन महिन्यांच्या काळात पसरलेलं, आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यात जायला हवेत. रोज सहा तास आणि आठवड्याला सहा दिवस धरले तर ५०० तासांना जवळजवळ चौदा आठवडे लागतात. रोज आठ तास उभं राहिलात तर साडेदहा आठवड्यांत तास भरतील, पण तीन महिन्यांची अट तरीही उरतेच. बी.फार्म.ला (पदवीला) सहावं सेमिस्टर संपल्यावर आणि सातवं सुरू होण्याआधी चार आठवड्यांत १५० तास करायचे असतात. ‘किती दिवस येणार?’ हा बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न असतो आणि त्यावर ‘कॉलेज सांगेल तसं’ असं उत्तर गेलं की समोरच्याचा उत्साह तिथेच मावळतो. तारीख, रोजचे तास, साप्ताहिक सुट्टी, परीक्षेचे दिवस हे सगळं एका कागदावर लिहून न्या.

दुकान एकदा ग्राहक म्हणून बघून या

मुलाखतीच्या दोन-तीन दिवस आधी जाऊन एखादी साधी वस्तू विकत घ्या आणि पाच मिनिटं बघा. परवाने दर्शनी भागात लावलेले आहेत का? किरकोळ विक्रीचे परवाने नमुना २० आणि २१ मध्ये असतात, घाऊक विक्रीचे २०-बी आणि २१-बी मध्ये. हा फरक तुमच्या कामाचा आहे. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे शामळदास गांधी मार्गावरच्या दवाबाजारात पुष्कळ घाऊक दुकानं आहेत. तिथे स्टॉक, बिलिंग, कंपन्या यांची ओळख उत्तम होते, पण पेशंटची चिठ्ठी हातात येत नाही, त्यामुळे औषधं देण्याचे तास तिथे भरत नाहीत.

मग आजूबाजूला बघा, कारण दुकानातला माल शेजारच्या दवाखान्यांवर ठरतो. परळचंच घ्या. टाटा मेमोरियलच्या जवळच्या मेडिकलमध्ये कॅन्सरची औषधं आणि उलटी थांबवणारी औषधं जास्त चालतात, वाडिया रुग्णालयाजवळ मुलांची सिरप आणि ड्रॉप्स, केईएमच्या समोर सगळंच. बोरिवली किंवा मुलुंडच्या सोसायट्यांमधल्या दुकानात रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांच्या महिन्याच्या गोळ्या आणि घरपोच ऑर्डरी. ‘तुमच्याकडे लहान मुलांच्या चिठ्ठ्या जास्त येत असतील, म्हणून मी डोसचा हिशेब पक्का करून आलोय’ असं एक वाक्य खरेपणाने म्हणता आलं तर त्याचं वजन पडतं.

कागदपत्रं

गुणपत्रिका, कॉलेजचं पत्र, आधार, दोन फोटो, आणि कॉलेजकडून मिळणारा प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा करारनामा. या करारनाम्याचे काही भाग कॉलेजने भरायचे असतात, काही तुम्ही, काही दुकानाने. कुठला कोणी भरायचा हे कॉलेजच्या ऑफिसात विचारून पेन्सिलीने खूण करून न्या. मालकाला अर्धा तास तो कागद उलगडत बसावं लागलं तर तो तुमच्याऐवजी दुसऱ्याला घेईल. मूळ प्रमाणपत्रं दाखवा, पण कुणाकडेही ठेवायला देऊ नका. ‘ओरिजिनल इथेच राहू दे’ असा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणून उठा. फार्मसिस्टचं प्रमाणपत्र भाड्याने फिरवण्याचा उद्योग करणारी माणसं या धंद्यात आहेत आणि तुमच्या नावाचा कागद तुमच्याच हातात राहिला पाहिजे.

बायोडेटा एक पान पुरे. त्यात ‘टीम प्लेयर’ वगैरे लिहिण्यापेक्षा कुठल्या भाषा बोलता येतात ते लिहा. मुंबईच्या काउंटरवर मराठी, हिंदी आणि थोडी गुजराती बोलणारी व्यक्ती सोन्यासारखी असते. बिलिंगचं ‘मार्ग’ नावाचं सॉफ्टवेअर वापरता येत असेल तर तेही.

चिठ्ठी वाचायला लावतील, त्याची तालीम

मुलाखतीतला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. समोर एक खरी चिठ्ठी ठेवतील आणि म्हणतील, वाच. लगेच औषधाच्या नावावर झडप घालू नका. वरून खाली, क्रमाने, मोठ्याने वाचा: डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक, तारीख, पेशंटचं नाव आणि वय, मग औषध, त्याचा प्रकार, ताकद, कधी घ्यायचं, किती दिवस, आणि शेवटी सही. औषध नियमांनुसार चिठ्ठी लेखी हवी, डॉक्टरची सही आणि तारीख हवी, पेशंटचं नाव-पत्ता हवा, डोस आणि एकूण प्रमाण हवं. यातलं जे नसेल ते बोलून दाखवा. चिठ्ठी देताना त्यात मुद्दाम काहीतरी गाळलेलं असतं, बहुतेक वेळा तारीख किंवा ताकद. ‘सर, यावर तारीख नाहीये’ हे वाक्य चारही औषधं ओळखण्याइतकंच मोलाचं आहे.

खुणा पाठ हव्यात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा, एचएस रात्री झोपताना, एसओएस गरज पडली तरच, स्टॅट म्हणजे लगेच. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस डावा आणि ओयू दोन्ही. हा फरक विचारायला मॅनेजरना आवडतं.

मग येतात सारखी दिसणारी नावं. कार्बामाझेपिन ही फिट्सची गोळी, कार्बिमाझोल थायरॉइड वाढलेलं असताना द्यायची. हायड्रॉक्सिझिन खाजेवर, हायड्रॅलाझिन रक्तदाबावर. क्लोनाझेपाम आणि क्लोबाझाम. प्रेडनिसोलोन आणि प्रोप्रॅनोलॉल. लेव्होथायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि २५, ५०, ७५, ८८, १०० अशा कितीतरी ताकदींत येतं, सगळ्या बाटल्या जवळजवळ सारख्याच दिसतात. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जीवावर बेततं, त्यामुळे त्या चिठ्ठीवर ‘ओडी’ दिसलं तर औषध द्यायचं नाही, आधी डॉक्टरांशी बोलायचं.

अक्षर लागत नसेल तर काय कराल, हे विचारतीलच. उत्तराचा क्रम असा ठेवा: पेशंटला विचारणार की हे कशासाठी लिहून दिलंय आणि आधी कुठली गोळी चालू होती, मग हजर असलेल्या फार्मसिस्टना दाखवणार, तरी शंका राहिली तर चिठ्ठीवरच्या नंबरावर डॉक्टरांना फोन. फोन लागला नाही तर ते एक औषध थांबवून बाकीची देणार आणि पेशंटला तसं स्पष्ट सांगणार. ‘नेटवर शोधेन’ हे उत्तर देऊ नका. अर्धवट वाचलेल्या नावाला नेटवर नेमकं चुकीचं जुळणारं नाव सापडतं.

तालमीसाठी घरातल्या, शेजारच्या आजी-आजोबांच्या जुन्या चिठ्ठ्या मागून घ्या. रोज पाच, वहीत उतरवून. पंधरा दिवसांत पंच्याहत्तर होतात आणि मुंबईतले डॉक्टर काय काय लिहितात याचा चांगला अंदाज येतो.

कायदा: थोडाच, पण चोख

फार्मसी कायदा १९४८ चा, औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायदा १९४० चा, त्याचे नियम १९४५ चे. फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टनेच द्यायचं असतं, आणि १९४५ च्या नियमांतला नियम ६५ म्हणतो की त्याने स्वतः किंवा त्याच्या थेट देखरेखीखाली. इंटर्न म्हणून तुम्ही नेहमी या दुसऱ्या भागात असता. ‘मी चहा प्यायला गेलो आणि गिऱ्हाईक आलं तर?’ या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच येतं: बिल बनवून, औषध काढून ठेवता येईल, हातात देणार फार्मसिस्ट परत आल्यावर आणि त्यांनी तपासल्यावर.

शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशी औषधं. एच-१ हे शेड्यूल १ मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यात बरीच वरच्या फळीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल अशी औषधं येतात. एच-१ चं औषध दिलं की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषधाचं नाव आणि दिलेलं प्रमाण लिहायचं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. शेड्यूल एक्सला, म्हणजे सगळ्यात कडक नियंत्रणातल्या औषधांना, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानात दोन वर्षं राहते, आणि माल कुलपात. पाकिटावर नुसतं आरएक्स, लाल एनआरएक्स किंवा एक्सआरएक्स छापलेलं असतं. एनआरएक्स म्हणजे अमली व मनोव्यापारी पदार्थांच्या कायद्यातही येणारं औषध. घरात असतील त्या पाकिटांवर या खुणा शोधून बघा, म्हणजे विसरणार नाही.

टीबीच्या औषधांबद्दल अजून एक. २०१८ पासून खासगी मेडिकलनेही टीबीच्या पेशंटची माहिती सरकारला कळवणं बंधनकारक आहे आणि ती निक्षय या पोर्टलवर जाते. मुंबईत टीबीचा भार मोठा आहे, त्यामुळे हे विचारतात.

चिठ्ठी दोनदा चालते का? डॉक्टरने पुन्हा द्या असं लिहिलेलं नसेल तर नाही. औषध दिल्यावर डॉक्टरच्या सहीच्या वर दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख टाकायची असते. दुकानाचा शिक्का मारतात तो त्यासाठी.

आणि हमखास येणारा प्रश्न: लिहिलेला ब्रँड नाही, तोच घटक असलेला दुसरा आहे, द्याल का? नियम ६५ सांगतो की शेड्यूल एच किंवा एक्सच्या औषधाच्या जागी दुसरं काही देता येत नाही, घटक तोच असला तरी. प्रत्यक्षात दुकानांत काय चालतं हे समोरच्याला माहीत असतं आणि तुम्हालाही. तरी उत्तर एकच द्या: डॉक्टरांना फोन करून बदल मंजूर करून घेणार, किंवा माल मागवून देणार. मुलाखतीत कुणी ‘अरे, चालतं रे’ म्हणून तुम्हाला ढकलून बघितलं, तरी उत्तर बदलू नका. खूप वेळा ती परीक्षाच असते.

हिशेब

पेन-कागद पुढे सरकवतील. तीन प्रकारचे हिशेब येतात.

पहिला, गोळ्यांची संख्या. १-०-१ पंधरा दिवस म्हणजे ३० गोळ्या. पाकीट १० चं असेल तर तीन, १५ चं असेल तर दोन. उतरता डोस कठीण वाटतो पण नसतो: प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम पाच दिवस, मग १० पाच दिवस, मग ५ पाच दिवस. १० च्या गोळ्या १० अधिक ५ म्हणजे १५, आणि ५ च्या ५.

दुसरा, मुलांचा डोस. पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर. १२ किलोच्या मुलाला एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम. १२० मिलिग्रॅम प्रति ५ मिलिचं सिरप असेल तर ५ ते ७.५ मिलि. २५० प्रति ५ मिलिचं असेल तर साधारण २.५ ते ३.५ मिलि. आता त्याच औषधाचे ड्रॉप्स: १०० मिलिग्रॅम प्रति १ मिलि. आईने सिरपचा ‘एक चमचा’ लक्षात ठेवून ५ मिलि ड्रॉप्स पाजले तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम गेले, हव्या त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणून मुलांचं औषध देताना वजन विचारायचं, बाटलीवरची ताकद वाचायची आणि मापाच्या झाकणावर किंवा ड्रॉपरवर बोट ठेवून ‘इथपर्यंत’ असं दाखवायचं. मुलाखतीत हे करून दाखवलंत तर पुढचे दोन प्रश्न कमी होतील.

तिसरा, इन्सुलिन. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिलि असतं आणि पेनच्या काडतुसातलं १००. १० मिलिच्या ४० च्या कुपीत ४०० युनिट. सकाळी २० आणि रात्री १२ घेणाऱ्याला ती साडेबारा दिवस पुरेल, म्हणजे महिन्याला तीन कुप्या. सिरिंजही त्या त्या ताकदीची हवी: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. ४० चं इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर फक्त ८ युनिट जातात. उलट केलं, १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० पर्यंत, तर ५० युनिट जातात आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. इन्सुलिनबरोबर सिरिंज मागितली की कुठलं इन्सुलिन हे न विचारता सिरिंज द्यायची नाही.

ब्रँड आणि घटक

कॉलेजात घटक शिकवतात, गिऱ्हाईक ब्रँड मागतं. चाळीस ब्रँड पुरेसे होतात, त्यापेक्षा जास्तीच्या मागे लागू नका. डोलो ६५० आणि क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लॅम म्हणजे आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. ऑगमेंटिन ६२५ म्हणजे अमॉक्सिसिलिन ५०० आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड १२५. ग्लायकोमेट मेटफॉर्मिन, टेल्मा टेल्मिसार्टन, थायरोनॉर्म लेव्होथायरॉक्सिन, इकोस्प्रिन ॲस्पिरिन, अझिथ्रल अझिथ्रोमायसिन, पॅन ४० पॅन्टोप्राझोल, मॉन्टेअर एलसी मॉन्टेल्युकास्ट आणि लेव्होसेटिरिझिन, असथॅलिन साल्ब्युटामॉल. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: घटक, कशासाठी, जेवणाआधी की नंतर, आणि गिऱ्हाइकाला सांगायची एक गोष्ट. पॅन ४० जेवणाआधी अर्धा तास. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याआधी अर्धा ते एक तास, आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या त्यापासून चार तास लांब. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरायची. ऑगमेंटिनच्या कोरड्या सिरपमध्ये उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत, मग फ्रिजमध्ये, आणि सात दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं.

गिऱ्हाईक समोर आहे असं समजा

नाटक करायला लावतात. मॅनेजरच गिऱ्हाईक होतो. पहिला नियम, बोलणं गिऱ्हाइकाच्या भाषेत. ‘काका, ही बीपीची गोळी रोज सकाळी एकच, बरं वाटलं तरी बंद करायची नाही’, ‘ताई, ही पाच दिवस पूर्ण घ्यायची, ताप उतरला तरी’. ‘पोस्ट मील’, ‘कम्प्लायन्स’ असले शब्द तिथे नकोत. सांगून झाल्यावर त्यांनाच परत सांगायला लावा: ‘आजी, आता मला सांगा, ही कधी घेणार?’ समजलं की नाही हे कळण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

काही प्रसंग मुंबईत ठरलेले. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवसांचा ताप आणि अंगदुखी घेऊन आलेला माणूस कॉम्बिफ्लॅम मागतो. पावसाळ्यात डेंग्यूची शक्यता असते, आणि डेंग्यूत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला साधं पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासा, इतकंच सांगायचं. कुणी तुंबलेल्या पाण्यातून चालून आलाय आणि लेप्टोसाठी (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापासाठी) डॉक्सीसायक्लिन मागतोय: ते चिठ्ठीचं औषध आहे. पाण्यातून चालल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटायला हवं, म्हणून जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात लगेच पाठवायचं. नुसतं ‘चिठ्ठी आणा’ म्हणून तोंड फिरवलं तर तो माणूस घरी जाऊन झोपेल.

झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मागणारा नेहमीचा गिऱ्हाईक असेल तरी नकार, आवाज न चढवता. गर्भपाताच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय कुणी मागितल्या तर अजिबात नाही. ती औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात आणि चुकीने घेतली तर बाई रक्तस्रावाने दगावू शकते. लिव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गोळी ही वेगळी, ती चिठ्ठीशिवाय मिळते आणि ७२ तासांच्या आत घ्यायची असते. या दोन्हींतला फरक मुलाखतीत चुकला तर मोठी चूक धरतात. हे बोलताना मुलगी समोर असो की मुलगा, आवाज हळू आणि चेहरा साधा ठेवा. चार लोकांसमोर मोठ्याने नाव उच्चारलं की ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही आणि मदतही घेत नाही.

लहान बाळाला खोकल्याचं औषध मागणारी आई समोर आली तर ऑक्टोबर २०२५ मधली केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाची सूचना लक्षात ठेवा: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत, पाच वर्षांखाली सहसा नकोत. बाळाला डॉक्टरांना दाखवा म्हणायचं.

फ्रिज आणि एक्सपायरी

थोडक्यात. फ्रिज २ ते ८ अंशांत, दिवसातून दोनदा तापमान वहीत. इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून ठेवायचं नाही. गोठलं की वाया. उघडलेली कुपी साधारण चार आठवडे. मुंबईच्या दमट हवेत पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्या आणि जिलेटिनच्या कॅप्सूल लवकर खराब होतात, म्हणून उघडं पाकीट रॅकवर पडू द्यायचं नाही. एक्सपायरी ०३/२०२७ छापली असेल तर ते औषध मार्चच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. माल लावताना आधी संपणारा पुढे, मग तो आधी आलेला असो वा नंतर. मुदत संपलेला माल वेगळ्या खोक्यात, ‘विक्रीसाठी नाही’ लिहून, स्टॉकिस्टकडे (माल पुरवणाऱ्याकडे) परत जाऊन क्रेडिट नोट, म्हणजे त्या रकमेची वजावट, येईपर्यंत. पाकीट कापून द्यायचं झालं तर बॅच आणि एक्सपायरी छापलेली बाजू शेवटपर्यंत दुकानात राहील अशा टोकाने कापायचं.

मुलाखतीचा दिवस

वेळ ठरवताना दुपारी दोन ते चार मागा. दुपारी बारा-एकला ओपीडी सुटते आणि संध्याकाळी सहानंतर काउंटरवर गर्दी असते, तेव्हा कुणालाही तुमच्याशी बोलायला सवड नसते. रविवार असेल तर लोकलचा मेगाब्लॉक आधी बघून निघा. साधे स्वच्छ कपडे, बंद बूट, नखं कापलेली, केस बांधलेले, आणि कॉलेजचा पांढरा ॲप्रन घडी करून पिशवीत. मोठ्या साखळी दुकानांत मुलाखत संपता संपता ‘जरा काउंटरवर उभं राहून बघ’ म्हणतात. वाट बघायला लागली तर मोबाईल काढू नका, रॅकची मांडणी बघा: कंपनीप्रमाणे लावलाय की ए ते झेड. मग कुणी ‘टेल्मा कुठे असेल?’ विचारलं तर बोट दाखवता येतं.

माहीत नसलेलं विचारलं तर ‘हे मला आत्ता येत नाही, मी फार्मसिस्टना विचारून किंवा पुस्तकात बघून सांगेन’ हे पूर्ण वाक्य म्हणा आणि थांबा. पुढे सारवासारव जोडू नका.

तुम्हीही विचारा

माझ्यावर देखरेख कोण ठेवणार आणि ते पूर्ण वेळ दुकानात असतात का? चिठ्ठीवरची औषधं काढण्याचे तास आठवड्याला किती मिळतील? एच-१ चं रजिस्टर भरायला शिकवाल का? विद्यावेतन किंवा प्रवासभाडं काही मिळेल का? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका, विरारहून दादरला रोज यायचं तर पासाचा खर्च खरा असतो. काही दुकानं इंटर्नला तीन महिने घरपोच पिशव्या पोचवायला पाठवतात. थोडं ते काम सगळेच करतात, पण तेवढंच असेल तर तुमचे २५० तास भरणार नाहीत आणि शिक्षणही होणार नाही. मुलाखतीतच विचारलंत तर पहिल्या आठवड्यातच कळण्यापेक्षा बरं.

निवड झाली की एक कोरी दोनशे पानी वही घ्या. रोज तारीख, आल्याची-गेल्याची वेळ, त्यातले औषधं देण्याचे तास, आणि दर शनिवारी फार्मसिस्टची सही. शेवटी तीन महिन्यांच्या सह्या एकदम मागायला गेलात की कुणाला काही आठवत नसतं आणि करारनाम्याचा शेवटचा भाग आठवडेच्या आठवडे टेबलावर पडून राहतो.